टॉवरमधला सत्कार

आमचं विमानतळ नेमकं कुठं आहे ते मी सांगणार नाही. सांगून फार उपयोगही नाही. साताऱ्याच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ते तिकडं सांगलीच्या बाजूला. सांगलीकर म्हणतो, ते साताऱ्याचं, आमचा काय संबंध. उद्घाटन असलं की मात्र ते दोघांचंही असतं आणि दोन्हीकडचे फ्लेक्स एकमेकांच्या तोंडावर चढवून लावलेले असतात. चहूबाजूंनी ऊस, मधे एक धावपट्टी आणि तिच्या कडेला काचेच्या डोक्याचा टॉवर. त्या काचेच्या खोलीत बसून विमानांना चढायला-उतरायला सांगणं ही माझी नोकरी. मधे काही आठवडे मला तिथून खाली उतरवलं होतं, ते का, हे सांगायला बसले आहे. एका माणसाचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर फेटा होता.

हे काम म्हणजे काय, ते घरच्यांना समजावता समजावता माझे केस पिकायला लागले. माहेर सांगलीजवळचं, जैन शेतकरी घर, ऊस आणि थोडी द्राक्षं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगतात, "आमची पोरगी कंट्रोलर हाय." पाहुणा मान डोलावतो, कारण कंट्रोलर त्यालाही माहीत असतो: एसटी स्टँडवरच्या खिडकीत बसून ड्रायव्हरच्या कागदावर सही करणारा आणि माइकवर कुणालाही कळणार नाही असं बोलणारा. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळानं विचारलं होतं, मुलगी विमानतळावर आहे म्हणजे विमानात चहापाणी देते का. माझ्या आत्यानं ठसक्यात उत्तर दिलं, "न्हाई, ती नुसती बोलती." स्थळ तिथंच मोडलं. पण आत्याचं खरं होतं. मी नुसती बोलते.

वारा कुठून आहे ते सांगायचं, कुणी थांबायचं, कुणी उतरायचं ते सांगायचं. मी जे बोलेन ते पायलटनं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं आणि तो बरोबर म्हणाला का, ते मी कान देऊन ऐकायचं. या धंद्याचा कणा एवढाच. माझा नवरा साताऱ्याचा, फौजी घरातला. मी काहीही सांगितलं की तो "हं" म्हणतो. एकदा मी वैतागून म्हटलं, 'हं' नको, मी काय म्हणाले ते परत म्हणून दाखव. तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "आवं, हिला कामावरनं आल्यावर कुणीतरी आधी चहा देत जा."

आणि फोन. आमच्या भागात हात केला की एसटी थांबते, वडापची जीप तर हात न करताही थांबते. मग विमान का थांबू नये, हे लोकांना कळत नाही. नवऱ्याच्या कुठल्याशा पाहुण्यानं एकदा मला सकाळी सकाळी गाठलं. "वहिनी, तेवढं विमान धा मिंटं धरून ठेवा. साडू निघालाय, टोलनाक्यावर हाय."

"असं धरता येत नाही हो."

"आवं, लय न्हाई, धाच मिंटं."

मी पुन्हा नाही म्हणाले. मग तो मनापासून दुखावल्या आवाजात म्हणाला, "मग तुमी वर बसून करता तरी काय?" त्या साडूचं विमान गेलं आणि त्या घरानं पुढच्या बारशाला आम्हाला बोलावलं नाही. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

तर, आम्ही वर बसून करतो काय. माझ्यासमोर एक उतरता फळा असतो, शाळेतल्या बाकाच्या फळीसारखा. त्यावर प्लास्टिकच्या खोबणीत कागदाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. एक विमान, एक पट्टी. विमान निघालं, पट्टी वर सरकली. उतरलं, पट्टी निघाली. लोकांना वाटतं तिथं मोठमोठे पडदे असतील. मोठ्या शहरांत असतात. आमच्याकडं पट्ट्या, दुर्बीण आणि डोळे. आणि एक लाल पट्टी असते. धावपट्टीवर जीप गेली, माणूस गेला, काहीही गेलं, की ती लाल पट्टी फळ्यावर आडवी टाकायची. ती आडवी आहे तोवर विमानाला 'उतरा' म्हणायचं नाही. ती काढायची कधी, तर जीप बाहेर आली असं कानानं ऐकल्यावर आणि डोळ्यांनी बघितल्यावर. ज्यानं ठेवली त्यानंच काढायची. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हे शिकवतो, कारण डोकं कितीही हुशार असलं तरी ते विसरतं. लाल पट्टी विसरत नाही.

धावपट्टीवर बहुतेक वेळा जे जायचे ते मामा. सगळं विमानतळ त्यांना मामाच म्हणतं. माण तालुक्यातले, म्हसवडच्या अलीकडं त्यांचं गाव, लहानपण मेंढरांमागं, नंतरची वर्षं फौजेत, आणि निवृत्त झाल्यावर एका ठेकेदाराकडून आमच्याकडं लागलेले. काम काय, तर धावपट्टीवरची पाखरं, कुत्री, एखादा मोर, चुकून आलेली शेळी हाकलायची. ऊसतोड सुरू झाली की रिकाम्या रानात बगळ्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि तिथून धावपट्टीवर येतात. विमानाच्या तोंडात बगळा गेला की काय होतं ते विमानातल्या माणसांना न सांगितलेलंच बरं. मामांकडं फटाके होते, एक पिवळी जीप होती, खांद्याला वॉकीटॉकी होता, आणि खिशात गोफण होती, जी कुठल्याही नियमात बसत नव्हती. गोफणीनं ते बगळ्याच्या बरोबर एक हात अलीकडं खडा टाकायचे. लागायचा कधीच नाही. बगळा उडून जायचा.

वॉकीटॉकीवर मामा फौजी होऊन बोलायचे. "टॉवर, जीप बोलतंय. रनवेवर जायाची परवानगी." मी दिली की, "परवानगी मिळाली. जातोय." बाहेर आले की, "रनवे खाली केलाय." आमच्या अख्ख्या विमानतळावर नियमानं बोलणारा तो एकच माणूस होता, असं मी कधीकधी साहेबांना ऐकवायचे. साहेब म्हणजे आमचे टॉवरचे प्रमुख. निवृत्तीला थोडे महिने उरलेले, साताऱ्यात घर बांधून झालेलं, फरशी तेवढी राहिलेली. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त कुणाचा फोन यायला नको होता.

त्या दिवशी सकाळचं नवं विमान सुरू होणार होतं. छोटंसंच विमान, पण भागात सकाळचं पहिलं. खाली मांडव, सनई, हलगी, दोन्ही जिल्ह्यांचे फ्लेक्स. माझा जोडीदार, ज्यानं टॉवरमध्ये माझ्या शेजारी बसायला हवं होतं, तो स्वागत समितीत होता, कारण त्याचा आवाज चांगला म्हणून सूत्रसंचालन त्याच्याकडं. मी वर एकटी. उसाचं पाचट कुठंतरी पेटवलेलं होतं, धूर पातळ होऊन धावपट्टीच्या लांबच्या टोकावर रेंगाळला होता. फार नव्हता. नंतर चौकशीत तो धूर दाट करायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला, पण तो पातळच होता.

विमानाला अजून बराच वेळ होता. मामांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, लांबच्या टोकाला पंख मोडलेला बगळा पडलाय, उडत न्हाई. मी परवानगी दिली, लाल पट्टी आडवी टाकली, आणि वर म्हणाले, "मामा, मारू नका हं. जिवंत धरून आणा." घरातलं वळण, काय करणार. "जिवंत धरतो," मामा म्हणाले. जिवंत धरायला वेळ लागतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलांचा गलका झाला. आमच्या टॉवरमध्ये सहा माणसं उभी राहतात, सातवा आला तर पहिल्यानं श्वास आत ओढायचा. त्या दिवशी वीस-पंचवीस आले. पुढं नेते, धापा टाकत. मागं त्यांचे जवळचे, मग जवळच्यांचे जवळचे, दोन फोटोवाले, नारळ-पेढ्यांचं ताट घेतलेला एक जण, आणि सगळ्यात शेवटी साहेब, चेहऱ्यावर सत्यनारायणाला उशिरा पोचलेल्या यजमानासारखा भाव. काचेतून फोटो चांगले येतात, असं कुणीतरी नेत्यांना सांगितलं होतं. वरून फोन आला होता. वरून म्हणजे कुठून, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही.

"ह्या आपल्या भागाच्या कन्या," नेते माझ्याकडं हात करून म्हणाले. "सगळी विमानं ह्यांच्या इशाऱ्यावर चालतात." टाळ्या झाल्या. "ह्यांचा सत्कार झालाच पाहिजे."

मी बसल्या जागेवरून नेत्यांना म्हणाले, "साहेब, विमान उतरू दे, मग करू."

"किती वेळ लागतोय त्याला," नेते म्हणाले. आमच्या साहेबांनी माझ्याकडं बघून डोळे मिटून उघडले. आटपा एकदाचं, असा त्याचा अर्थ.

आमच्या भागात सत्काराला नाही म्हणता येत नाही. बारावीला पास झालात, सत्कार. फौजेतून सुट्टीवर आलात, सत्कार. नापास होऊन पुन्हा पास झालात, तर मोठा सत्कार. शाल अंगावर आली, ती मी तशीच राहू दिली. मग फेटेवाला पुढं झाला. हा व्यावसायिक माणूस, सकाळपासून खाली शंभर डोकी बांधून आलेला. त्यानं माझं डोकं एका नजरेत मापलं आणि म्हणाला, "मॅडम, ते कानावरचं काढा तेवढं."

कानावरचं म्हणजे माझा हेडसेट. तो मी काढला. तो मी काढला, हे वाक्य मी पुढं चार वेगवेगळ्या कागदांवर चार वेळा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी आवाज स्पीकरवर घेतला आणि मान पुढं केली. अर्धं मिनिट, म्हटलं. फेटा अर्ध्या मिनिटात होत नाही. त्याला शेमला असतो, तुरा असतो, आणि तो फोटोवाल्यांना समोरून दिसावा लागतो.

एवढ्यात नारळाचं ताट धरलेल्या माणसाचे हात दुखले असावेत. त्यानं ते माझ्या उतरत्या फळ्यावर टेकवलं. नारळ गडगडत पट्ट्यांवर आला. मी मान न हलवता हात पुढं करून नारळ अडवला, ताट सरळ केलं, आणि ताटाला जागा व्हावी म्हणून फळ्यावर आडवी असलेली लाल पट्टी उचलून मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुसऱ्या कुणी नाही. मीच. इतकी वर्षं ज्या पट्टीला पंख्याचा वारासुद्धा लागू दिला नाही, ती मी पेढ्यांना जागा व्हावी म्हणून हलवली.

"नारळ फोडायचा कुठं?" कुणीतरी विचारलं. एकाची नजर माझ्या रेडिओच्या लोखंडी कोपऱ्यावर गेली. मी ओरडले, "इथं नाही." त्यावर नारळ कुठं फोडावा यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं पायरीवर, कुणी म्हणालं काचेला नुसता टेकवा, आणि त्या चर्चेतच स्पीकरवर पायलटचा आवाज आला. वारा पाठीशी होता, विमान वेळेच्या आधी आलं होतं. आमच्या भागात वेळेच्या आधी कधी काही येत नाही. आलं ते नेमकं त्या दिवशी.

मी हेडसेट उचलला. फेट्यावरून तो बसेना. त्याचा एका कानाचा भाग हातानं कानाशी धरला. फळ्यावर बघितलं: विमानाची पट्टी, बाजूला पेढे. लाल काही नाही. धावपट्टीकडं बघितलं: काचेला टेकून ओळीनं पाठी, त्यांवर शाली, वर फेटे, आणि फेट्यांच्या वर उचललेले मोबाइल. त्यांच्यामधून जेवढी धावपट्टी दिसली तेवढी मोकळी होती. मी वारा सांगितला आणि म्हणाले, उतरा. पायलटनं नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं, उतरतो. मी नीट ऐकलं. अगदी बरोबर म्हणाला होता.

आलं, आलं, करत सगळे काचेवर आणखी रेटले. मागच्या फोटोवाल्याला काही दिसेना. तो खेकसला, "पुढचे बसून घ्या की जरा." आणि पुढचे बसले.

लांबच्या टोकाला, धुराच्या कडेला, पिवळी जीप उभी होती. तिच्या टपावरचा दिवा फिरत होता. जीपच्या पुढं मामा वाकलेले होते, हातात पोतं. विमान उसाच्या शेंड्यांवर आलं होतं.

माझ्या तोंडून 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, परत वर जा, हे कसं निघालं मला आठवत नाही. आमचं सगळं बोलणं टेप होतं, त्या टेपवर ते दोनदा आहे, आणि दुसऱ्यांदा माझा आवाज माझा वाटत नाही. विमानानं नाक उचललं, इंजिनं गरजली, टॉवरची काच थरथरली, पेढ्यांचं ताट खाली गेलं आणि विमान मामांच्या डोक्यावरून जाऊन सांगलीच्या दिशेनं वर चढलं.

टॉवरमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. नेत्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं, विमानानं सलामी दिली.

मी वॉकीटॉकी उचलून मामांना बाहेर यायला सांगितलं. "बाहेर येतोय," मामा म्हणाले. मग, "टॉवर, रनवे खाली केलाय. बगळा जिवंत हाय." अगदी नेहमीच्या आवाजात. मी मागं वळून त्या सगळ्या गर्दीला म्हणाले, "खाली उतरा. सगळे. आत्ता." नेत्यांना तोही नियमाचा भाग वाटला, ते मुकाट उतरले. विमान फिरून आलं, मी त्याला उतरवलं, खाली हलगी वाजली. जोडीदार वर आल्यावर मी फेटा काढायला गेले, तर त्याची गाठ सुटेना.

दुसऱ्या दिवशी भागातल्या पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, पहिल्या विमानाची आकाशातून मानवंदना. तो फोटो घरच्या ग्रुपवर आमच्या अण्णांनीच टाकला आणि मला फोन केला, "सलामी द्यायला तूच सांगितलंस न्हवं?" मी म्हटलं, "हो अण्णा, मीच." त्यांनी तो पेपर लॅमिनेट करून आणला.

आमच्याकडं विमान उतरता उतरता परत वर गेलं की कारण लिहावं लागतं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला खाली बोलावलं. कागद तयार होता. धावपट्टीवर भटकं कुत्रं आल्यामुळं. "कुत्र्याला कोण विचारायला जातंय," साहेब म्हणाले. आमच्या कपाटातल्या कागदांत कुत्र्यांनी इतके उद्योग केलेले आहेत की तेवढी कुत्री सबंध तालुक्यात सापडायची नाहीत. "पायलटनं काही पाहिलं नाही, त्याला धूर होता. वॉकीटॉकीचं बोलणं कोण ऐकत बसतंय. तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, बाई. कशाला? सही करा."

मी पेन उघडलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण उघडलं होतं. माझा परवाना, माझी इतक्या वर्षांची नोकरी, लॅमिनेट केलेला पेपर, सगळं एका सहीवर तरणार होतं. मग कागदाच्या तळाशी साहेबांनी लिहिलेली ओळ वाचली: संबंधित ठेकेदाराकडून खुलासा मागवण्यात येत आहे.

"ठेकेदार काय खुलासा देणार?" मी विचारलं.

"तो काय देणार. माणूस बदलेल."

कुत्रं हाकलायचं काम मामांचं. म्हणजे मी ज्याच्या अंगावर विमान घातलं, त्यालाच कामात हलगर्जी केली म्हणून घरी पाठवायचं. मी साहेबांना इतकं वाईट बोलले की जिन्यावरचा शिपाई खाली निघून गेला. मग साहेब हळूच म्हणाले, "मलाही झोप लागत नाहीये हो." मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं की लाल पट्टी मी उचलली, जीप धावपट्टीवर असताना विमानाला उतरायला मी सांगितलं.

"निदान फेट्याचं लिहू नका," साहेब म्हणाले.

मी फेट्याचं लिहिलं.

चौकशीला दिल्लीहून एक अधिकारी आले. फार सभ्य माणूस. हेडसेट का घातला नव्हता, यावर ते अडले. मी सांगितलं, फेटा. ते म्हणाले, तो काढून हेडसेट का नाही घातला? मी म्हटलं, बांधलेला फेटा असा काढता येत नाही. त्यांनी फेटा किती लांब असतो ते विचारून घेतलं आणि मीटरमध्ये लिहून ठेवलं. नेत्यांना कुणी काही विचारलं नाही. शेवटी एक परिपत्रक निघालं: टॉवरमध्ये सत्कार समारंभ करू नयेत; करावयाचे झाल्यास पूर्वपरवानगी घ्यावी. मला माइकपासून दूर केलं, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. तोवर खालच्या खोलीत फायलींना नंबर घाल. ही शिक्षा रास्त होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मामांना भेटायला मात्र माझे पाय उचलत नव्हते. आठ-दहा दिवस मी त्यांना चुकवत राहिले. शेवटी एका दुपारी गेले. ते जीपच्या शेडच्या सावलीत भाकरी खात बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, त्या दिवशी चूक माझी होती. तुम्ही धावपट्टीवर आहात हे मी विसरले, आणि विमानाला उतरायला सांगितलं."

"कळलं मला. सायब म्हणलं." त्यांनी पोतं झटकून जागा केली. "बसा." अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, वर बाजूला काढून ठेवलेली बिनकांद्याची चटणी. आम्ही कांदा खात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

खाता खाता ते म्हणाले, "मला ते दिसलं हुतं की."

"काय?"

"इमान. लांबनंच दिसलं. बत्ती लावून खाली येत हुतं."

"मग बाजूला का नाही झालात?"

मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बगळं निम्मं पोत्यात आलं हुतं. आणि तुमी वर हाय म्हणल्यावर मी कशाला वर बगत बसू?"

"मामा, जीव गेला असता तुमचा."

"गेला न्हाई न्हवं. तुमी फिरीवलंच की त्याला."

मामांनी तांब्यातलं पाणी पुढं केलं आणि विचारलं, "आता वर कवा बसणार?"

"परीक्षा झाली की."

"लवकर द्या ती. आता वर कोण कोण बसत्यात, त्यांच्या येळंला मी इमान दिसलं की जीप घिऊन पळतोय. काम हुईत न्हाई."

ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आणि मग त्याचीच इतकी भीती वाटली की मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"माझ्या वेळेलाही पळायचं, मामा," मी म्हणाले.

"तुमच्या येळंला कशाला?" ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.